गजावरचा मळ

कॅम्पमधली संध्याकाळ होती. रेंजवरून परतून आम्ही पोरं ताडपत्रीवर ओळीनं बसलो होतो, प्रत्येकाच्या मांडीवर थ्री-नॉट-थ्री रायफल. रायफली रिकाम्या असल्याची खात्री आम्हाला शिकवणाऱ्या उस्तादांनी दोनदा करून घेतली होती. बोल्ट काढून बाजूला ठेवले होते आणि दस्त्याच्या टोकाची छोटी पितळी झडप उघडून आतली तेलाची बाटली आणि पुल-थ्रू बाहेर काढलं होतं. पुल-थ्रू हे त्याचं कागदावरचं नाव, आमच्या तोंडी ते फुलथ्रू. एक मजबूत दोरी, एका टोकाला बोटासारखं पितळी वजन, दुसऱ्या टोकाशी फासे. फाशात चिंदी घालायची, वजन चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या बाजूनं नळीत सोडायचं, ते तोंडातून बाहेर डोकावलं की दोरी पकडायची आणि एका दमात सरळ ओढून घ्यायची. चार-पाच चिंद्या काळ्या निघाल्या आणि सहावी जरा पांढरी आली, की नळी उजेडाकडे धरून आत पाहायचं. आतल्या वळणदार खाचा चकाकताना दिसल्या म्हणजे काम झालं, असं आम्ही समजत होतो.

उस्ताद तपासणीला आले तेव्हा मी नळी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी डोळा लावून आत पाहिलं, मान हलवली आणि हात पुढे केला. "रस्सी." मी फुलथ्रू दिलं. त्यांनी खिशातला पांढरा रुमाल काढून दोरीभोवती चिमटीत धरला आणि दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यातून ओढली. रुमालावर काळा पट्टा उमटला. "नली तो चमक रही है," ते म्हणाले, "लेकिन कल इस नली में क्या डालोगे? यही रस्सी ना?" मग शेजारच्याची दोरी आणि रुमालाचा दुसरा कोपरा. ओळ संपेपर्यंत त्या रुमालात पांढरं असं काही उरलं नव्हतं.

त्या प्रश्नाचा अर्थ मला त्या दिवशी अर्धाच कळला. दोरी साफ ठेवायची, एवढाच. उरलेला अर्धा कळायला पुढे बरीच वर्षं गज (म्हणजे नळी साफ करायची सळई), ब्रश आणि चिंद्यांची संगत करावी लागली. तो इथे सावकाश उलगडतो.

मूळ गोष्ट एका वाक्यात मावते. मळ नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो.

घरात हे रोज घडतं. ओटा पुसला की ओट्यावरचं खरकटं फडक्यात येतं. फडकं नुसतं पिळून नळाच्या तोटीवर टाकलं, तर उद्या सकाळी ओट्यावर कालचंच खरकटं फिरतं. ज्या घरात ते फडकं उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळत घालतात, त्या घराला हे सूत्र शब्दांत सांगावं लागत नाही. फरशी पुसतानाही तसंच. बादलीतलं पाणी गढूळ झाल्यावर पुढच्या खोल्या पुसल्या जात नाहीत, सारवल्या जातात. पण ओटा आणि फरशी सोसून घेतात. बंदुकीची नळी सोसत नाही, कारण तिथे जागा अरुंद, काम डोळ्याआड आणि मापं फार बारीक. म्हणून हे सूत्र नीट पाहायचं तर नळीत पाहावं.

आधी मळाची ओळख करून घेऊ, कारण सगळा मळ एका जातीचा नसतो.

कोकणात शेतीच्या राखणीसाठी अजूनही ठासणीची बंदूक आढळते. तिच्यात काळी दारू लागते. सोरा, कोळसा आणि गंधक यांचं हे मिश्रण जळतं तेव्हा त्याच्या वजनातला निम्म्याहून अधिक भाग धूर होऊन जात नाही. तो घनरूपात मागे राहतो आणि नळीला आतून लिंपण घालतो. हे लिंपण हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात एक रात्र तसंच राहिलं तरी गंज धरायला पुरे. उपाय मात्र साधा आहे. ते पाण्यात विरघळतं, म्हणून गरम पाण्यानं नळी धुवायची, कोरडी करायची, मग तेल.

थ्री-नॉट-थ्रीच्या जुन्या काडतुसांतला मळ वेगळा. त्यांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे आपल्या मिठाचाच भाऊ. हे मीठ तेलात विरघळत नाही. म्हणून त्यावर कितीही तेल चोपडलं तरी ते तेलाखाली बसून लोखंड खात राहतं. त्या रायफलींच्या नळीत उकळतं पाणी ओतायची रीत पडली ती या मिठासाठी.

आजच्या पॉइंट टू-टू रायफलीत तिसरी तऱ्हा. इथे गोळी शिशाची, वर मेणासारखं किंवा ग्रीसचं वंगण. गोळी जाताना शिशाचा आणि वंगणाचा पातळ थर मागे ठेवते, त्यात काजळी मिसळते. या काडतुसाच्या कडेत जे स्फोटक मिश्रण भरलेलं असतं, त्यात घर्षण मिळावं म्हणून बऱ्याचदा काचेची बारीक पूड घालतात. ती पूड चेंबरच्या पुढच्या भागात साचते. काचेची पूड लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मोठ्या बोअरच्या रायफलीत गोळीवर तांब्याचं कवच असतं, म्हणून तिथे तांब्याचा थर.

म्हणजे लिंपण, मीठ, शिसं, काच, तांबं. यातलं जे काही नळीतून निघालं, ते आधी ब्रशवर, गजावर किंवा दोरीवर येतं. नळी साफ झाली त्या क्षणी सगळा मळ अवजारांच्या अंगावर असतो. सर्वांत मळकं काय, तर साफ करणारं अवजार. आणि सर्वांत कमी संशय कुणावर, तर त्याच्यावरच.

इथे एक शंका येते आणि ती रास्त आहे. नळी पोलादाची. दोरी सुताची, गज पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा, ब्रशचे केस ब्राँझचे. ही सगळी पोलादापेक्षा मऊ. मऊ वस्तू कठीण वस्तूला इजा कशी करणार? मग गज मळका असला म्हणून काय बिघडलं?

उत्तर कारखान्यात मिळतं. कोल्हापूरकडच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये जा. कडक केलेल्या पोलादाचा तुकडा अगदी सपाट करायचा असतो, तेव्हा कारागीर त्याच्याहून मऊ अशी बिडाची प्लेट घेतो, तिच्यावर एमरीसारखी पूड आणि तेल घालतो आणि त्यावर तो तुकडा घासतो. याला लॅपिंग म्हणतात. पुडीचे कण मऊ बिडात रुततात आणि पक्के बसतात. आता प्लेट मऊ राहिली नाही, तिला हजार दात आले. झिजतं ते कडक पोलाद. प्लेट कडक असती तर कण तिच्यात रुतलेच नसते, घरंगळत राहिले असते. कण धरून ठेवायचा गुण मऊपणातच आहे.

हेच गजाचं. पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या गजावर काचेचा, रेतीचा कण बसला की तो तिथे रुततो. पुढच्या प्रत्येक फेरीत नळीतून तो गज जात नसतो, कानस जात असते. लाकडी गजाचंही तसंच. ठासणीच्या बंदुकीचा गज नळीखाली उघडाच राहतो, शेतातली धूळ खातो आणि त्याच गजानं बार ठासायचा असतो. म्हणून जाणता माणूस नळीत घालण्याआधी तो धोतराच्या सोग्यानं का होईना पुसून घेतो. त्या एका पुसण्यात लॅपिंगचं सगळं शास्त्र आहे.

दोरीची गोष्ट तर जास्त बोलकी आहे. जुन्या विहिरीच्या काठावरच्या दगडाला दोरानं पडलेल्या खाचा आपण पाहिल्यात. काथ्याचा दोर दगडाहून मऊ. पण तो ओला असतो, जमिनीवर पडतो, माती घेऊन वर येतो आणि रोज त्याच जागेवरून घासत जातो. फुलथ्रूची दोरी नळीच्या तोंडावर नेमकं हेच करते. सरळ ओढायचा कंटाळा करून कुणी ती तिरकी ओढली, तर ती तोंडाच्या एकाच कडेवर घासते. वर्षानुवर्षं असं झालं की कडेला एका बाजूला खाच पडते. थ्री-नॉट-थ्री सांभाळणाऱ्या आर्मरर लोकांनी या झिजेला कॉर्डवेअर असं स्वतंत्र नाव दिलेलं आहे. दुखणं नेहमीचं असल्याशिवाय त्याला नाव पडत नाही.

आणि जागा किती नाजूक ती पाहा. गोळी नळीतून सुटते तेव्हा तिला शेवटचा स्पर्श तोंडाच्या कडेचा, ज्याला क्राउन म्हणतात त्याचा. कड सगळीकडून सारखी असेल तर गोळीमागचा वायू चारी बाजूंनी एकदम निसटतो. एका बाजूला खाच असेल तर तिथून आधी निसटतो आणि गोळीला किंचित ढुशी देतो. किंचित म्हणजे किती चालेल? ५० मीटर रायफलीच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, साधारण शर्टाच्या बटणाएवढं. याच अंतरावर २०१०मध्ये म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. याच अंतरावर १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं. पन्नासाहून जास्त पावलं मोजावी लागतील इतक्या दूरचं बटण ज्याला टिपायचं आहे, त्याला नळीच्या तोंडावरची केसाएवढी खाच परवडत नाही. ती खाच पाडणारी बहुतेक वेळा गोळी नसते. नेमबाजांत एक बोलणं आहे की नेम धरून जेवढ्या नळ्या झिजल्या, त्याहून जास्त चुकीच्या सफाईनं बिघडल्या.

तेव्हा सूत्राला पुढचं पाऊल जोडू. मळ जागा बदलतो, आणि नव्या जागी तो जास्त धारदार होतो. नळीत काचेचा कण सुटा होता. गजावर बसल्यावर त्याला मूठ मिळाली.

आता गजाची निगा समजायला सोपी जाते. नियम पाठ करायची गरज नाही, सूत्रातून ते आपोआप निघतात.

गज आत जाताना स्वच्छ हवा आणि बाहेर आल्यावर लगेच पुसलेला हवा. म्हणून डाव्या हातात घडी घातलेलं फडकं धरायचं, त्याला थोडं सॉल्व्हंट, म्हणजे मळ सोडवणारं द्रव लावायचं आणि प्रत्येक फेरीला गज त्यातूनच परत घ्यायचा. दहा फेऱ्या असतील तर दहा पुसण्या. एकदम शेवटी पुसू म्हटलं तर पहिल्या फेरीचा कण उरलेल्या नऊ फेऱ्या फिरलेला असतो. शक्य तिथे गज चेंबरच्या बाजूनं घालायचा, म्हणजे क्राउनला त्याचं अंग घासत नाही. मागच्या बाजूनं नळीत बसणारी रॉड गाइड वापरली तर गज मधोमध राहतो आणि चेंबरच्या पुढची कडही वाचते. गाइडही आतून मळते, हे विसरलं जातं. तिच्यातूनही एक चिंदी काढायची.

गज एकसंध असावा. तीन तुकड्यांचा जोडगज प्रवासाला सोयीचा, पण प्रत्येक जोडाशी एक कड असते आणि आट्यांत मळाचं घर असतं. तसाच गज असेल तर दर वेळी पूर्ण खोलून जुन्या टूथब्रशनं आटे साफ करायचे, जोड घट्ट बसतो का पाहायचं. ब्रश जिथे बसतो त्या टोकाच्या आट्यांतही काजळी भरते. ती भरली की ब्रश पूर्ण बसत नाही, किंचित तिरका राहतो आणि मग सगळी फेरी तिरकी. स्टीलच्या गजात कण सहज रुतत नाहीत, पण तो वाकला तर त्याचं स्वतःचं अंगच नळीला घासतं. वेष्टन असलेल्या गजाचं वेष्टन सोललं की त्याची सेवा संपली. गज सरळ आहे का हे पाहायला तो टेबलाच्या काचेवर लाटण्यासारखा फिरवावा. कुठे उजेडाची फट उघडझाप करताना दिसली की तो वाकला. ठेवायचा तर मुठीनं टांगून, किंवा तोंडं बंद केलेल्या पाइपात. भिंतीला टेकवून कोपऱ्यात उभा केलेला गज कधीतरी कुणाच्या पायात येतोच. आपल्याकडच्या पावसात स्टीलच्या गजाला तेलाचा हात हवा, पण तेल धूळ धरतं, म्हणून पुढच्या वापराआधी तो कोरडा पुसायचा.

ब्रशकडे वळू. मळाचा सर्वांत मोठा वाटा त्याच्याकडे येतो, कारण खरवडायचं काम त्याचं. बाटली धुवायच्या ब्रशसारखीच त्याची बांधणी. पिळलेल्या तारेचा कणा आणि तारेच्या पिळात धरलेले केस. केस ब्राँझचे किंवा नायलॉनचे. ब्रशचा व्यास नळीपेक्षा किंचित मोठा असतो, म्हणून केस आत जाताना मागे झुकतात आणि टोकांनी खाचांचा तळ गाठतात. म्हणूनच अर्ध्यावर ब्रश उलटा ओढायचा नसतो. तोंडातून पूर्ण बाहेर काढायचा, केसांना सरळ व्हायला जागा द्यायची, मग मागे आणायचा. मध्येच दिशा बदलली की केस मोडतात आणि मोडके केस नळीतच राहतात.

ब्रशबद्दलची पहिली चूक बाटलीत होते. सॉल्व्हंटच्या बाटलीत ब्रश बुडवायचा, नळीत फिरवायचा, पुन्हा बुडवायचा. दोन खेपांत बाटलीतलं सॉल्व्हंट काळं. पुढच्या महिन्यात जी नळी त्यानं भिजेल, तिला गेल्या महिन्याचा मळ फुकट मिळेल. म्हणून सॉल्व्हंट ड्रॉपरनं ब्रशवर घालायचं. बाटलीत स्वच्छ गोष्टीशिवाय काही जाऊ द्यायचं नाही.

दुसरी चूक माझ्या हातून झाली आणि तिनं मला सर्वांत जास्त शिकवलं. मोठ्या बोअरची रायफल वापरणाऱ्या एका मित्राकडून मी त्याचं अमोनियाचं सॉल्व्हंट आणलं होतं. ते तांब्याचा थर विरघळवतं, आणि तांबं विरघळलं की चिंदी निळी-हिरवी होते. निळी चिंदी म्हणजे अजून तांबं आहे, पांढरी म्हणजे संपलं, अशी त्याची खूण. मी माझ्या पॉइंट टू-टूच्या नळीत ब्राँझच्या ब्रशनं ते लावलं, थोडं थांबलो, चिंदी काढली. निळी. पुन्हा ब्रश, पुन्हा चिंदी. पुन्हा निळी. रात्रीचे दहा वाजले तरी निळाई हटेना. नळीत किती तांबं साठलंय, या विचारानं मी खचलो होतो. मग शेजारी पडलेल्या काडतुसाच्या डबीकडे लक्ष गेलं. माझ्या गोळ्या साध्या शिशाच्या. त्यांवर तांब्याचं कवच नाहीच. मग तांबं आलं कुठून? ब्रशमधून. ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील. सॉल्व्हंट नळी सोडून माझा ब्रश विरघळवत होतं आणि ती निळाई नळीच्या नावावर खपत होती.

त्या रात्री सूत्राची तिसरी पायरी दिसली. अवजार नुसतं मळ वाहत नाही, ते साक्षही देतं. चिंदी काय रंगाची आली, ब्रश किती घट्ट गेला, गज कुठे अडला, यावरूनच आपण न दिसणाऱ्या नळीबद्दल ठरवत असतो. अवजार अशुद्ध असेल तर साक्ष खोटी, आणि खोट्या साक्षीवर आपण निर्दोष नळीला शिक्षा करत बसतो. तेव्हापासून तांबं काढणारं सॉल्व्हंट असेल तर नायलॉनचा ब्रश, आणि चिंदी ढकलायला पितळी टोक न वापरता प्लॅस्टिकचं. कधी ब्राँझचा ब्रश त्या सॉल्व्हंटला लागलाच तर काम संपताक्षणी धुवायचा.

धुणं असं. ब्रश गजावरून काढायचा. आधी फडक्यावर टेकवून त्यातला ओला मळ शोषू द्यायचा. मग कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घालून, या कामासाठीच ठेवलेल्या डबीत तो गोल फिरवत हलवायचा. पाणी राखाडी होतं आणि तळाशी काळी रेघ बसते. दुसऱ्या पाण्यात पुन्हा. तिसरं पाणी नितळ राहिलं की थांबायचं. अंगठ्यानं केस झटकायचे नाहीत, कारण तुषार डोळ्यांत उडतात आणि त्यात शिसं असतं. चष्मा आणि हातमोजे घालूनच बसावं. फडक्यात गुंडाळून दाबायचं आणि हवेवर टांगायचं, कारण काही ब्रशचा कणा लोखंडी तारेचा असतो आणि ओला राहिला तर आतून गंजतो. वाळल्यावर ज्याच्या त्याच्या नळकांड्यात, वर बोअर लिहून. खोक्यात एकमेकांवर पडलेले ब्रश एकमेकांचे केस वाकवतात. ब्रश नळीतून सैल जायला लागला, केस एका अंगाला झोपले, कणा वाकला, की तो नळीच्या कामातून काढायचा. बोल्टचे कानेकोपरे घासायला तो अजून चालतो. पण आधी त्याच्यावर तशी खूण करायची, नाहीतर घाईच्या दिवशी तो पुन्हा नळीत जातो.

दोरीला ब्रश विणून टाकलेलं बोअरस्नेक आता बरेच जण वापरतात. एका ओढीत काम होतं, म्हणून ते प्रिय आहे. पण ब्रश, गज आणि चिंदी या तिघांचा मळ त्यात एकाच अंगावर साठतो आणि टाकून देण्यासारखं त्यात काही नसतं. म्हणून ते धुण्यावाचून पर्याय नाही. वेगळ्या बादलीत, कोमट साबणपाण्यात भिजवायचं, चोळायचं, पाणी नितळ येईपर्यंत धुवायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. घरच्या कपड्यांच्या मशीनमध्ये मुळीच नाही. आणि दोरी कुठे उसवली आहे का ते प्रत्येक वेळी बोटांनी चाचपायचं. नळीच्या मध्यावर तुटलेली दोरी काढणं हे फार अवघड काम आहे. जुन्या फुलथ्रूलाही चिंदीचा फास सोडून वेगळा फास होता तो यासाठीच, की अडकलेलं मागच्या बाजूनं ओढून काढता यावं.

इतकं ऐकल्यावर कुणीही दुसरी शंका काढेल. नळी साफ करायला ब्रश, ब्रश साफ करायला फडकं, फडकं साफ करायला पाणी, मग पाणी साफ करायला काय? याला अंत कुठे? आपल्या न्यायशास्त्रात याला अनवस्था म्हणतात. एकाला टेकू दुसऱ्याचा, दुसऱ्याला तिसऱ्याचा, आणि शेवटचा टेकू कुठेच नाही.

या शंकेचं उत्तर चिंदीत आहे. चिंदी हा कापडाचा सर्वांत क्षुल्लक तुकडा. थ्री-नॉट-थ्रीसाठी चार इंच बाय दोन इंच फ्लॅनेलचा. ती एकदा जाते, मळ घेते आणि टाकून दिली जाते. तीच चिंदी उलटून पुन्हा घालणारा माणूस दोन पैसे वाचवतो आणि साखळी तिथेच तोडतो. कारण ही सगळी व्यवस्था एका उतरंडीवर उभी आहे. नळी सर्वांत मोलाची आणि सर्वांत अवघड जागी. तिचा मळ घेतो गज आणि ब्रश, तिच्याहून स्वस्त आणि हाताला येणारा. त्याचा मळ घेतं फडकं, त्याहून स्वस्त आणि डोळ्यांना दिसणारं. त्याचा मळ घेतं साबणपाणी, जे धरून ठेवत नाही, वाहून नेतं. प्रत्येक पायरीला मळ जास्त मोलाच्या वस्तूवरून कमी मोलाच्या वस्तूवर, अंधारातून उजेडात येतो. शेवटी तो अशा जागी पोचतो, जिथून त्याला परत यायची वाट नसते. अनवस्था सुटते ती अशी. सफाई म्हणजे मळाला या उतरंडीवरून शेवटच्या पायरीपर्यंत पोचवणं. मध्येच कुठे आपण उठून गेलो, तर तो त्या पायरीवर बसून राहतो आणि पुढच्या वेळी उलटा वर चढतो.

शेवटची पायरी मात्र डोळसपणे निवडायची. शिसं फेकलं म्हणून निरुपद्रवी होत नाही. ब्रश धुतलेलं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नको, झाडाच्या आळ्यातही नको. ते आणि काळ्या चिंद्या झाकणाच्या डब्यात साठवून घरगुती घातक कचऱ्यात द्याव्यात. दस्त्याच्या लाकडाला जवसाचं तेल लावलेलं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. ते तेल वाळताना तापतं आणि बोळ्यात उष्णता कोंडली तर पेट घेऊ शकतं. ते पसरून वाळवावं. आणि या सगळ्यात एक जागा हमखास राहून जाते ती म्हणजे आपला हात. ब्रश धुतला, गज पुसला, चिंदी टाकली, आणि त्याच हातानं भाकरी मोडली किंवा लेकराचा गाल धरला, तर नळीतलं शिसं उतरंड उतरून घरात पोचलं. लहान मुलांना शिसं फार थोडंही बाधतं. म्हणून काम संपतं ते गज टांगल्यावर नव्हे, साबणानं हात धुतल्यावर.

एवढी निगा रोज करायची का, असंही कुणी विचारेल. नळीची सफाई रोज नसते. पॉइंट टू-टूचे नेमबाज तर नळी उगाच वारंवार घासत नाहीत. धुतलेल्या नळीतल्या पहिल्या काही गोळ्या जरा वेगळ्या जागी जातात, वंगणाचा थर पुन्हा बसेपर्यंत नळी स्थिरावत नाही, हे त्यांना ठाऊक असतं. नळीला माप आहे, कधी करायची आणि कधी राहू द्यायची याचं. अवजारांना ते माप नाही. नळी महिन्यानं साफ करा की आठवड्यानं, गज आणि ब्रश ज्या दिवशी वापरले त्याच दिवशी साफ झाले पाहिजेत. कारण पुढच्या वेळी ते बाहेर काढाल तेव्हा मनात नळी असेल, गज नसेल.

त्या कॅम्पमधल्या रात्री जेवण झाल्यावर ताटं धुवायला आम्ही नळावर गेलो. बराकीच्या टोकाला पिवळ्या दिव्याखाली एकच तोटी होती आणि तिथे आधीपासून कुणीतरी वाकून उभं होतं. उस्ताद होते. हातात तो रुमाल. साबण लावून ते तो दोन्ही मुठींत घासत होते, पिळत होते, दिव्याकडे धरून बघत होते आणि पुन्हा पाण्याखाली धरत होते. आम्ही ताटं घेऊन मागे उभे राहिलो. काळं पाणी, मग राखाडी पाणी, मग नितळ. त्यांनी रुमाल झटकून तंबूच्या दोरीवर टाकला, कोपरापर्यंत हात धुतले आणि आमच्यासाठी तोटी मोकळी केली.